सिस्टरने चार्ज दिला

पांढरे बूट दुरुस्तीला द्यावेत, एवढाच वहिनीचा बेत होता. नणंद निवृत्त होऊन वर्ष होत आलं तरी ड्युटीचे ते बूट तिच्या पलंगाखाली नीट जोडीने मांडलेले असायचे आणि उजव्याचा तळ सुटला होता. वहिनीने तो उचलला, सवयीने उपडा करून झटकला आणि आतून रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट घरंगळलं. त्याचं तोंड दोऱ्याने बांधलेलं होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईला गाठ सोडायला कितीसा वेळ लागतो! आत गोळ्या होत्या. पांढऱ्या, पिवळ्या, काही अर्धवट विरघळून पुन्हा सुकलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

त्या विरघळलेल्या गोळ्यांतली एक तिने उजेडात धरून पाहिली. म्हणजे या तोंडात जाऊन बाहेर आल्या होत्या.

पुढच्या खोलीत नणंद खिडकीपाशी बसून तिच्यासाठी बटणं निवडत होती. मोठी एकीकडे, शर्टाची एकीकडे. बटणं डब्यात पडल्याचा टक टक आवाज येत होता. वहिनीने बूट होता तसा ठेवला, ते बोट मुठीत घट्ट धरलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथे तिचा नवरा युनिफॉर्मला इस्त्री करत होता. आज त्याची इस्पितळात नाइट ड्युटी होती.

"अहो, हे बघा."

त्याने पाहिलं. इस्त्रीचं बटण बंद केलं आणि स्टुलावर बसला.

"कुठे होतं हे?"

"ताईंच्या बुटात. रोज सकाळी तुम्हीच देता ना गोळी? तुमच्यासमोर घेतात ना त्या?"

"समोरच घेते."

"मग?"

समोरच घ्यायची, हे खरं होतं. तो पेला पुढे करायचा, तळहातावर गोळी ठेवायचा आणि ती तोंडात गेली की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. वॉर्डात त्याने किती माणसांना सांगितलं असेल, आ करा, जीभ वर घ्या, आता गालात दाखवा. पण हे बघायला त्याला शिकवलं कोणी? या बहिणीनेच. तिला तोंड उघड म्हणायचं म्हणजे आईला हात धुतलेस का म्हणून विचारण्यासारखं होतं. त्याच्याने ते झालं नाही. मनोरुग्णालयात नोकरी करणाऱ्या तीन पिढ्यांच्या घरात एवढी साधी गोष्ट कोणी केली नव्हती, आणि यांच्याच घरात ती चूक होऊ शकत होती. दुसऱ्या कुठल्याही घरात एखाद्या म्हाताऱ्या काकूने सरळ तोंडात बोट घालून पाहिलं असतं.

इस्पितळात नर्सबाईला सिस्टर म्हणतात आणि पुरुष नर्सला ब्रदर. ही दोघं खरीखुरी सख्खी भावंडं असल्यामुळे क्वार्टर्समधल्या लोकांची चांगली करमणूक व्हायची. पुढे घरचेही तेच म्हणू लागले. आई लेकीला सिस्टर म्हणे, भाऊ बहिणीला सिस्टर म्हणे. मात्र घरात तो तिला अगं-तुगं करी, आणि अंगात पांढरा शर्ट चढला की अहो-जाहो.

सिस्टरचा आजार आला तो तिच्या निरोप समारंभानंतर. आधी झोप गेली, मग बोलणं आटलं, मग एक दिवस ती म्हणाली, माझा आता कोणाला उपयोग नाही. ब्रदरने तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे नेलं, आपल्या इस्पितळातलं कोणी भेटू नये म्हणून. परतताना रिक्षात तिने त्याचा हात धरला होता. "आपल्या वॉर्डात मला नेणार नाहीस. पेशंट म्हणून मी त्या दारातून आत जाणार नाही. शपथ घे." त्याने घेतली. शपथ घेताना त्याला ती फार सोपी वाटली होती.

"धाकटीला फोन कर," तो बायकोला म्हणाला. "आणि आईला उठव. हळू."

*

धाकटी, म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा त्या दिवसाच्या तिसऱ्या घरी होती. तिचा वॉर्ड म्हणजे शहरातल्या गल्ल्या. इस्पितळातून घरी गेलेल्या माणसांकडे जायचं, इंजेक्शन द्यायचं, झोप कशी आहे विचारायचं, भांडणं सोडवायची. आईचा आवाज ऐकून तिने त्या घरचा चहा तसाच सोडला. स्कूटर जिन्याखाली लावून ती किल्ली न काढताच आत आली.

स्वयंपाकघराचं दार लोटून चौघं जमली. आजी पाटासारख्या रुंद मनगटाचा हात टेबलावर टेकवून बसली होती. मधोमध ते रबराचं बोट. कोणी त्याला हात लावत नव्हतं.

"पुढे ऐकू जाईल, हळू बोला," वहिनी म्हणाली.

"हळू बोलायचं काय आहे त्यात?" आजी म्हणाली. "खोलीला बाहेरून कडी घाला. किल्ली माझ्याकडे द्या. मी बसते दारात."

"आजी, ती खोली काय तुझी इस्पितळातली बराक आहे?"

"माझ्या बराकीत माझ्या हाताखाली एकही बाई दगावली नाही. विचार कोणालाही."

"जगल्या पण कशा, आजी?"

म्हातारीने नातीकडे नुसतं पाहिलं. धाकटीला वाटलं, जीभ चावावी. पण शब्द निघून गेला होता.

कशा जगल्या, हे आजीएवढं कोणाला माहीत होतं? ती नोकरीला लागली तेव्हा त्या इस्पितळाला लोक मोठ्याने वेड्यांचं म्हणत, आणि तिथे काम करायला शिकावं लागतं असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. साहेबांनी पाण्याने भरलेली बादली दाखवली, उचल म्हणाले. तिने एका हाताने उचलली. झाली मुलाखत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला. काम म्हणजे मोजणं. सकाळी बायका मोजा, जेवणानंतर चमचे मोजा, रात्री पुन्हा बायका मोजा. कोणी फार आरडाओरडा केला की गार पाण्यात भिजवलेल्या चादरीत गळ्यापर्यंत गुंडाळून ठेवा. डॉक्टर त्याला उपचार म्हणत, म्हणून तीही म्हणे. चादरीतल्या बाईचे दात वाजत. आजी शेजारी बसून तिचं कपाळ पुसत राही. ते काही कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग गोळ्या आल्या, इंजेक्शनं आली, बराकी शांत झाल्या. त्यामागून अभ्यासक्रम आला. या कामाचंही शिक्षण असतं म्हणे. लेक ते शिकून टोपी घालून आली आणि काही वर्षांनी आईच्याच बराकीची इनचार्ज झाली. पहिल्याच महिन्यात तिने दरवाजांची कुलुपं काढायला लावली. सगळ्यांसमोर हात पुढे केला आणि म्हणाली, "मावशी, किल्ल्या." आई नाही म्हणाली, मावशी म्हणाली, वॉर्डातल्या बायांना म्हणतात तशी. आजीने किल्ल्या दिल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मायलेकी एका टेबलावर जेवल्या, पण बोलल्या नाहीत.

"बरं, कडी नको," आजी आता म्हणाली. "मग काय करणार आहात ते तरी सांगा."

"दाखल करायचं," धाकटी म्हणाली. "आजच."

"नाही," ब्रदर म्हणाला.

"बाबा!"

"मी शब्द दिलाय तिला. आणि काय गं, त्या वॉर्डात कोण आहे? सगळ्या तिच्या हाताखालच्या पोरी. तिची वेणीफणी त्या करणार? तिच्या पिशव्या त्या तपासणार? ती त्या दिवशीच मरेल."

"आणि इथे?"

"इथे आपण आहोत ना. उद्यापासून मी तोंड बघीन. शपथेवर सांगतो, बघीन."

"मलाही वाटतं घरीच ठेवावं," वहिनी हळूच म्हणाली. "सुधारतायत त्या. कालच माझ्याशी किती वेळ बोलल्या. बटणं मागून घेतली स्वतःहून."

"माझ्याकडून केस विंचरून घेतले," आजी म्हणाली. "लहानपणानंतर पहिल्यांदा."

"मला पेपर वाचून दाखवते रोज," ब्रदर म्हणाला. "हेडलाइनवर टोमणेसुद्धा मारते."

धाकटीशी आत्या रोज संध्याकाळी तिच्या पेशंटांविषयी बोलायची. तो शिंपी गोळ्या घेतोय का? त्या मुलीची आई अजून रडते का? धाकटीला केवढं बरं वाटायचं. आत्या येतेय पूर्वीसारखी, असं ती त्या डॉक्टरांना फोनवर सांगूनही मोकळी झाली होती.

"आई, तुला काय हवं असतं? कोणी शेजारी बसून हाताला मदत करावी. बाबांना काय हवं असतं? तिचे टोमणे. आजीला लेक हवी असते." ती एकेकाकडे बोट करत होती आणि तिचा आवाज चढत होता. "आणि मला माझं कौतुक. ज्याला जे हवं ते ती त्याला देतेय. आपण तिच्यावर नजर ठेवायला ड्युट्या लावल्या ना? उलटं आहे ते. ती आपल्याला सांभाळतेय. आपण चौघं तिचा वॉर्ड आहोत."

आजीने टेबलावरचा हात मागे घेतला.

"आत्ता तिच्याजवळ कोण आहे?" धाकटीने विचारलं.

चौघंही स्वयंपाकघरात होती. आणि बटणांचा आवाज कधीचा थांबला होता.

*

खुर्ची रिकामी होती. डब्यावर झाकण होतं. बाथरूमचं दार उघडं, आत कोणी नाही. तिच्या खोलीत कोणी नाही. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं.

"गच्ची," ब्रदर म्हणाला.

तो जिना चढत सुटला. मागून धाकटी, तिच्यामागून वहिनी, अनवाणी. आजी पहिल्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की जुन्या सवयीने माणसं मोजत होती, तिचं तिलाच माहीत.

सिस्टर गच्चीत होती. दोरीवरच्या चादरी काढून घड्या घालत होती. कोपऱ्याला कोपरा, इस्पितळात घालतात तशा. दोरी कठड्याला लागूनच होती. तिघं धापा टाकत दारात उभी राहिली तसं तिने वळून पाहिलं.

"पळत आलात?" ती म्हणाली. "किती वेळा सांगितलं, पळायचं नसतं. पेशंट घाबरतात."

"चादरी मी आणल्या असत्या, ताई," वहिनी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"अगं, रडतेस काय? चादरीच आहेत."

ब्रदरने तिच्या हातातल्या घड्या घेतल्या. तो जिन्यात पुढे झाला, धाकटी आपोआप मागे राहिली. सिस्टर दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"एक पुढे, एक मागे," ती म्हणाली. "मध्ये पेशंट. छान. विसरला नाहीत."

ब्रदरला तोंड लपवायला चादरी होत्या, हे बरं झालं.

*

खिडकीपाशी धाकटी तिच्यासमोर बसली. बाकीचे उंबऱ्याशी. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

घरोघर जाऊन ती पेशंटांना एक प्रश्न विचारायची, तोच आता आत्याला विचारायचा होता. पहिल्यांदा विचारताना तिची बोबडी वळली होती, तेव्हा या आत्यानेच तिला याच खिडकीत बसवून घटवून घेतलं होतं. जुने लोक म्हणत, विचारू नका, नसलेला विचार डोक्यात भरेल. साफ खोटं. विचारल्याने कोणी मरत नाही. आडून विचारायचं नाही, लाजत विचारायचं नाही, जमिनीकडे बघत तर मुळीच नाही.

"आत्या," ती म्हणाली. "आपण मरून जावं, असा विचार तुझ्या मनात येतो का?"

"नाही," सिस्टर लगेच म्हणाली. "कधीकधी उदास वाटतं, पण तसा विचार येत नाही. झोप पूर्वीपेक्षा बरी आहे. भूक लागते. पुढच्या महिन्यात तुझ्या थोरल्या बहिणीकडे जाऊन यावं म्हणते." मग तिने मान थोडी कलती केली. "नजर चांगली ठेवलीस. पण पायाने ठेका धरला होतास. पेशंटला ते कळतं."

"आत्या, गोळ्या सापडल्यात."

"हो. बूट हलला होता." तिने डब्यावरचं झाकण नीट दाबलं. "त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं. सांगायला हवं होतं मी. चुकलंच. उद्यापासून घेईन. आता पुढचं विचार. काही ठरवलंय का, ते विचारायचं असतं."

"काही ठरवलंयस का?"

"नाही."

झालं. एकही उत्तर चुकीचं नव्हतं. कागदावर लिहिलं असतं तर कोणत्याही डॉक्टरने तिला घरी पाठवलं असतं. प्रश्न तिचे, उत्तरं तिची, आपण नुसत्या मध्ये बसलोय, असं धाकटीला वाटलं. एवढं शिकून, एवढी घरं पालथी घालून, आपल्या माणसापुढे आपण नापास. ती उठली आणि बाबांच्या जवळून आत जाताना पुटपुटली, "मला नाही सांगत ती. बाबा, मला फार भीती वाटतेय."

ब्रदर तिथेच उभा होता. खरं म्हणजे त्याला आत्ता ड्युटीवर निघायचं होतं. जाऊ नये तर रजा कोणत्या कारणाने मागायची? आणि जावं तर कसं? तो आत गेला, अर्धवट इस्त्री झालेला शर्ट अंगात घातला, गुंडी लावली. आरशात त्याला रोजचा ब्रदर दिसला आणि त्याला एकाएकी काहीतरी सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, पाय आपोआप तिकडे वळले.

दाखल कक्षात त्याने तिच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढली होती. दिवसपाळी तिची, रात्रपाळी त्याची. संध्याकाळी तो यायचा, ती टेबलाशी उभी राहायची आणि एकेका पेशंटचा चार्ज द्यायची, म्हणजे त्याची अवस्था सांगून जबाबदारी सोपवायची. बसून नाही, उभ्यानेच. त्या वेळी 'ठीक आहे' म्हणायला बंदी होती. तिच्या नोकरीच्या सुरुवातीला कोणीतरी एका बाईचा चार्ज देताना 'ठीक आहे, शांत आहे' म्हटलं होतं आणि सकाळपर्यंत ती बाई राहिली नव्हती. तेव्हापासून सिस्टर कोणाशीही खोटं बोलली असेल, डॉक्टरांशी, नातेवाइकांशी, प्रसंगी पेशंटशीसुद्धा. चार्ज देताना कधी नाही.

तो पुढच्या खोलीत जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. हात मागे बांधले.

"सिस्टर," तो म्हणाला, "मी आलोय. चार्ज द्या."

तिने वर पाहिलं. युनिफॉर्मकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता हसेल. चावटपणा पुरे म्हणेल. तिचे ओठ हललेसुद्धा. पण मग ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, अंगावरचा गाऊन ओढून सारखा केला आणि सरळ उभी राहिली.

"पेशंट एकच," ती म्हणाली. आवाज एकदम सपाट, कामाचा. "बाई. निवृत्त नर्स. झोप नाही. पडून राहते, डोळे मिटते, घरच्यांना झोपल्यासारखं वाटतं. पहाटे जास्त त्रास. जेवण समोर असेल तेवढं घेते, नंतर बाथरूममध्ये जाऊन काढते. वजन उतरलंय, कपडे सैल घातल्याने कळत नाही."

"गोळ्या?"

"घेत नाही. साठवते. बुटातल्या सापडल्या." ती थांबली. "त्या सापडाव्यात अशाच ठेवल्या होत्या. दुसऱ्या आहेत."

दारात वहिनीने तोंडावर हात ठेवला.

"कुठे?"

"बटणांच्या डब्यात. तळाशी कापड घातलंय, त्याखाली."

आपल्या हातानेच हा डबा रोज त्यांच्या मांडीवर ठेवत होतो, हे वहिनीच्या मनात आलं. घरीच ठेवू, असं आपणच म्हणालो मघाशी.

"मरायचा विचार?" ब्रदरने विचारलं.

"आहे."

"ठरलंय काही?"

"ठरलंय. आज. भाऊ नाइटला गेल्यावर, बाकीचे झोपल्यावर." तिने जणू कागदाचं पान उलटावं तसा श्वास घेतला. "पेशंटला एकटं सोडू नये. बाथरूमलाही नाही. पेशंट हुशार आहे, गोड बोलून गुंडाळते. तिच्या बोलण्यावर जाऊ नये."

"आणखी काही?"

तिने पुन्हा गाऊन ओढून सारखा केला. पुढचं चार्ज देण्यात बसणारं नसावं.

"पेशंट घाबरलेली आहे," सिस्टर म्हणाली.

"कशाला?"

"वॉर्डाला. तिथल्या पोरींना. आयुष्यभर तिने लोकांना सांगितलं, हा आजार आहे, यात लाजण्यासारखं काही नाही. हजारो लोकांना सांगितलं असेल. भाषणं केली. सगळं खरं होतं ते." तिचा सपाट आवाज आता फाटला. "पेशंटला लाज वाटते रे. फार लाज वाटते."

आजी ब्रदरला बाजूला सारून पुढे आली. तिने लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"लाजायचं ते मी लाजते," म्हातारी म्हणाली. "आई आहे ना मी? तुझ्या वाटची लाज मला दे आणि तू नुसती चल."

"आई, त्या सगळ्या बघतील."

"बघू देत. मी तुझ्या पुढून चालीन. आधी मला बघतील."

"सिस्टर," ब्रदर म्हणाला, "चार्ज घेतला मी. तुम्ही सुटलात." आणि मग एका दमात, "मी शपथ मोडतोय, तुला राग आला तर येऊ दे."

वहिनीने पुढे होऊन सिस्टरला धरलं. ती वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडली. इतक्या महिन्यांत कोणालाही खूश करायला न केलेली तिची ही पहिलीच गोष्ट होती.

*

इस्पितळ क्वार्टर्सच्या भिंतीपलीकडेच. सगळी चालत गेली. आजी पुढे, हळूहळू, प्रत्येक ओळखीच्या माणसाला मान डोलावत. मध्ये वहिनीच्या हाताला धरून सिस्टर. मागे धाकटी. ब्रदरने बटणांचा डबा आणि ते रबराचं बोट एका पिशवीत घालून बरोबर घेतलं होतं.

महिला कक्षात टेबलाशी असलेली नर्स तरुण होती, सिस्टरच्या शेवटच्या तुकडीतली. तिने वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पण ती उठली, बाजूची खुर्ची ओढली आणि सिस्टरला म्हणाली, "बसा. दमला असाल." एवढंच. मग डॉक्टर आले, जे विचारायचं ते विचारलं, आणि या वेळी सिस्टरने खरं सांगितलं. पिशवी तपासली गेली. केसातल्या पिना काढल्या गेल्या. आजीने त्या हातात घेतल्या आणि मुठीत धरून ठेवल्या.

सिस्टर आत गेली. दारातून तिने मागे वळून पाहिलं नाही. ते दार तिनेच कुलपातून सोडवलेलं होतं, आणि आज रात्री ते बंद असावं असं बाहेर उभ्या असलेल्या चौघांनाही मनातून वाटत होतं. बोललं कोणी नाही.

ब्रदरला आता पुरुष कक्षात जायला हवं होतं. उशीर झाला होता. पण त्याचे पाय टेबलापाशी अडले. नातेवाईक तिथेच अडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणूस आत सोडून निघताना ते हमखास परत वळतात, आणि एकच गोष्ट विचारतात. त्याला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता. त्याचं ठरलेलं उत्तर होतं, हो हो, होतील बरे, काळजी करू नका. हातातलं काम न सोडता तो ते देत असे.

"सिस्टर," तो त्या तरुण नर्सला म्हणाला. "बरी होईल ना ती?"

ती गोंधळली. त्याच्या युनिफॉर्मकडे पाहून म्हणाली, "ब्रदर, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे."

"नाही. मला काही माहीत नाही. तुम्ही सांगा."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. बरी होतील असं म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं, हे त्याला स्पष्ट दिसलं. पण ज्या बाईने तिला शिकवलं होतं, तिने पुढचं वचन द्यायला मनाई केली होती.

"आज रात्रभर मी त्यांच्याजवळ जागी आहे," ती म्हणाली. "उद्याचं उद्या सांगते."